साशाचं रडू

"आई, एकदा वाचून तरी बघ," म्हणत लेकीनं पुस्तक हातात ठेवलं. नलिनी सिंग यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन', २००६ सालची इंग्रजी कादंबरी. लेखिका फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली. मुखपृष्ठ बघून मी आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं!

गोष्ट २०७९ सालातली. साशा 'साय' लोकांपैकी. मनाच्या शक्ती अफाट, पण भावनांना बंदी. लहानपणापासून तसंच वळण. जो ढळेल, त्याचं मनच पुसून टाकतात. साशाला मात्र सगळं जाणवतं, म्हणून ती स्वतःला बिघडलेली समजते. सख्ख्या आईसमोरही चेहरा दगडासारखा. मग भेटतो बिबट्याचं रूप घेणारा लुकास. (तो जरा जास्तच हक्क गाजवतो. काही पानं मी भराभर उलटली. खोटं कशाला सांगू, नंतर परत वाचली.)

मागच्या महिन्यात आमच्या मंडळात एक सून आली होती. नवरा जाऊन चार महिने झालेले. घरात कुणी रडायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक. "ताई, मलाच सारखं रडू येतं. माझ्यातच काही खोट असेल का हो?" मी तिला "खंबीर हो" सांगून परत पाठवलं होतं.

दुसऱ्याचं दुःख ओळखून हलकं करणं, हीच साशाची खरी शक्ती, हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मग कुठली झोप!

सकाळी डबे आटोपून तिच्या घरी गेले. सासूबाई चहा टाकायला आत वळल्या, तशी ती माझ्या खांद्यावर कोसळली. मी काही बोलले नाही.

या मालिकेचे भाग पुष्कळ आहेत. २०१७ मध्ये तर दुसरं पर्व सुरू झालं. लेकीनं पुढचा भाग आणून ठेवलाय. अजून उघडला नाही. दर गुरुवारी मी तिच्याकडे जाते.