जॅमला जाताना काय घेऊन जायचं?

गेम जॅमचा विषय ऐनवेळी कळतो. मग आधी तयारी कशाची करायची? ‘लुडम डेअर’च्या ४८ तासांच्या ‘कॉम्पो’चा नियम बघा: पायाभूत कोड आधी लिहिलेला चालतो, चित्रं आणि आवाज मात्र त्या ४८ तासांतच करायचे.

म्हणून उडीचा कोड घरूनच घेऊन जा. प्लॅटफॉर्मरमध्ये खेळणारा शेकडो वेळा उडी मारतो. ती फसली की गेम फसला. पात्राचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सेकंदाचा दहावा भाग, उडीची मुभा द्या. नाहीतर तो म्हणणारच, “अहो, मी बटण दाबलं होतं!”

चित्रांची फाइल नेता येत नाही, पण हाताची सवय नेता येते. आपल्या भिंगारजवळचा भुईकोट किल्ला घ्या. १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकटीत त्याचा दगड काढा, चारच रंगांत. चारही बाजूंनी जुळणारा एक दगड जमला, की त्यावरून अख्खी तटबंदी उभी राहते.

एवढासा गेम पुरतो का? पुरतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘सेलेस्ट’चं मूळ रूप दोघांनी चार दिवसांत केलं होतं, पिको-८ वर: पडदा १२८ बाय १२८ पिक्सेल, रंग १६.