कवी कुठल्या रकान्यात?

विकिडेटा हा २०१२ साली सुरू झालेला, सगळ्यांना खुला असा माहितीसाठा. त्यात माणसाची माहिती लेखासारखी सलग नसते, सुट्या विधानांत असते: जन्म कुठे, भाषा कोणती, साहित्यपरंपरा कोणती. यंत्र हीच विधानं जोडून याद्या काढतं. त्यामुळे जोड चुकली, की लेखक हरवलाच म्हणून समजा.

मध्ययुगीन ग्रीक लेखकांचं बघा. कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याला आज आपण ‘बायझंटाइन’ म्हणतो. तिथले लोक मात्र स्वतःला रोमन म्हणवत. हे दुसरं नाव रूढ झालं ते १४५३ मध्ये साम्राज्य बुडाल्यानंतर. दमास्कसचा संत योहान तर खलिफांच्या राज्यात वाढला, पण लिहिलं ग्रीकमध्ये. नुसत्या ‘देश’ या रकान्यावरून यादी काढली, तर बायझंटाइन साहित्यातलं एवढं मोठं नाव गळतं. म्हणून परंपरा राज्यापासून वेगळी नोंदवायची.

आपल्याकडे हाच पेच फादर थॉमस स्टीफन्स यांचा. जन्म इंग्लंडचा, १५७९ साली गोव्यात आले, तिथे राज्य पोर्तुगीजांचं. त्यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. घाट पुराणाचा, भाषा मराठी, मधूनमधून कोंकणी शब्द. शिवाय त्यांनी कोंकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये निघालं.

आता त्यांना ‘इंग्रज लेखक’ म्हणून सोडून दिलं, तर मराठी कवींच्या यादीत ते येणार नाहीत. फक्त ‘मराठी’ लिहिलं, तर कोंकणीचं काम दडतं. उपाय साधा आहे. जन्मस्थान, राज्य आणि परंपरा त्यांच्या नोंदीत. भाषा नि लिपी त्या-त्या पुस्तकाच्या नोंदीत. आणि प्रत्येक विधानाला आधार. एका माणसाला दोन परंपरा जोडायला कुणाची आडकाठी नाही.

जोयडेकरांना हे काही परकं नाही. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. जुनं सुपे गाव काळी नदीच्या धरणात गेलं, तालुक्याचं ते नावही मागे पडलं. किती घरांत बोलणं कोंकणी, भजन मराठी नि कचेरीचा कागद कन्नड! उद्या इथल्या एखाद्या भजनकाराची नोंद ‘कर्नाटक, म्हणजे कन्नड’ अशी कुणी केली, तर त्याचे अभंग शोधणाऱ्याला तो सापडायचाच नाही. तेव्हा आधी त्याची वही उघडून बघायची, त्यानं कशात लिहिलंय ते. नकाशा मागाहून.