सहा बाय चार इंचांचं दशक

व्यंगचित्रकला शिकवणाऱ्या एका वर्गाने यंदा स्क्रीनवाला टॅबलेट सक्तीचा केला, हे वाचून मला मनापासून राग आला. घरात एवढे पैसे नसतील तर पोराने रेषा मारायला बसायचंच नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हीच अट एका दशकाने मोडीत काढली होती आणि ते दशक अजून जुनंही झालेलं नाही.

त्याआधीच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाक, ब्रश, कॅमलची काळी शाई, मग स्कॅनर आणि फोटोशॉपमध्ये रंग. टॅबलेट म्हणजे वॅकॉम, आणि ते जाहिरात एजन्सीतल्या लोकांचं काम, अशीच समजूत होती. 2007 मध्ये आलेल्या वॅकॉमच्याच ‘बांबू’ने ती जराशी सैल केली.

खरी हालचाल झाली ती 2012 ते 2022 या काळात. शेन्झेनच्या ह्युऑन कंपनीची, पाठोपाठ एक्सपी-पेनची पाटी, म्हणजे बिनपडद्याचा टॅबलेट, स्वस्तात मिळू लागली. सुरुवातीच्या पेनांमध्ये बॅटरी असायची. पेन जाड, मागच्या बाजूला जड, आणि ऐन कामात चार्ज संपायचा. वॅकॉमच्या पेनला पाटीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच वीज मिळायची. 2017-18च्या सुमारास तशी बिनबॅटरीची पेनं स्वस्त पाट्यांबरोबरही येऊ लागली. तीन-चार हजार रुपयांत कामाचं साधन हाती पडलं. फोटोशॉप 2013 पासून भाडेतत्त्वावर गेलं होतं, पण क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट होतं आणि त्यात शाईचे ब्रश उत्तम होते. जुना लॅपटॉप आणि छोटी पाटी एवढ्यावर तालुक्याच्या गावातली मुलं चित्रं काढून अंकांकडे पाठवू लागली. त्या मुलांचा मला आजही अभिमान वाटतो.

सहा बाय चार इंचांची पाटी व्यंगचित्राला पुरते, हे त्या काळात सिद्ध झालं. आपलं काम मनगटाचं. नाकाचा बाक, भुवईचा तिरकेपणा, सदऱ्याची चुणी या सगळ्या आखूड रेषा. खांद्यापासून हात फिरवून लांब फटकारे मारणाऱ्याने मोठी पाटी घ्यावी. नजर पडद्यावर आणि हात टेबलावर, याची सवय काही आठवड्यांत होते. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करायची: पाटीचं लांबी-रुंदीचं प्रमाण पडद्याशी जुळवून घ्यायचं. नाहीतर हात गोल फिरतो आणि पडद्यावर अंडं उमटतं, आणि नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट.

टॅबलेटच्या रेषेत जीव नसतो, असं त्या वर्षांत काही ज्येष्ठ मंडळी व्यासपीठावरून सांगायची. ते चूक होतं, आणि आता ते स्पष्ट म्हणायला हवं. रेषा निर्जीव व्हायची ती सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर वाजवीपेक्षा चढवल्यामुळे. तो हाताचा कंप पुसून टाकतो, त्याबरोबर हाताची ओळखही पुसतो. तो उतरवला की तीच पाटी जाड-बारीक, थरथरती, रागीट रेषा देते.

दाबाच्या पातळ्यांचा गवगवाही तेव्हाच सुरू झाला. 512, 1024, 2048, मग 8192, आणि आता 16384. छापील व्यंगचित्रात 2048च्या पुढचा फरक डोळ्याला दिसत नाही. किती हलक्या स्पर्शाला रेषा उमटायला लागते, हे त्याहून महत्त्वाचं. रेषेचं फिकट, निमुळतं शेपूट त्यावर अवलंबून असतं. दुकानात पेन हातात घेऊन, अगदी हळू टेकवून पाहावं. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये.

गेल्या दोन-तीन वर्षांत जो तो स्क्रीनकडेच बोट दाखवतोय. स्क्रीन वाईट नाही, पण पहिलं साधन म्हणून ती लादणं हा अन्याय आहे. त्यातून साध्या पाट्यांकडे दुर्लक्ष होतंय. खरखरीत पृष्ठभागावर निब तिरकी झिजते, छिन्नीसारखी धार येते आणि ती पाटीवर चरे पाडू लागते. निब बदलायची तर जुन्या मॉडेलची मिळत नाही. संगणकाची प्रणाली नवी झाली की कंपनी ड्रायव्हर देणं थांबवते आणि धडधाकट पाटी निकामी ठरते. सुट्या निबा आणि जुने ड्रायव्हर निदान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत. ही मागणी शिकवणाऱ्यांनी लावून धरायला हवी. महागड्या यंत्राची सक्ती त्यांनी ताबडतोब मागे घ्यावी.