संक्रांतीचा आवाज

मकरसंक्रांतीला जयपूरच्या जवाहर नगरात गच्चीगच्चीवर पतंग, स्पीकर आणि ‘वो काटा!’ची आरोळी असते. तिळगूळ वाटून झाला की मी भाच्यांना आतषबाजी दाखवते आणि सेकंद मोजायला लावते. प्रकाश तत्क्षणी दिसतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने मागून येतो. तीन सेकंद लागले, तर फटाका किलोमीटरभर लांब. तिथली हवा मात्र आपल्यापर्यंत येत नाही. तिचे कण जागच्या जागी पुढेमागे हलतात, सरकते ती दाबाची लाट.

रात्री जमिनीलगतची हवा गारठते, वरची त्याहून उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी वेगाने जातो, म्हणून वर निघालेली लाट वाकून खाली येते. गांधीनगर स्टेशनाकडची गाडीची शिट्टी तेव्हा किती जवळ वाटते!

मला सर्वांत आवडतो तो कोपऱ्यामागचा स्पीकर. ढोल ऐकू येतो, शब्द हरवतात. १०० हर्ट्झच्या ठोक्याची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती घराला सहज वळसा घालते. ‘स’, ‘श’सारख्या वर्णांच्या लाटा काही सेंटीमीटरच्याच. त्या बहुतेक भिंतीवरूनच परत फिरतात.