बोरीबंदर आठवते, सकाळची गोळी आठवत नाही

आमच्या गावातील ज्येष्ठ नागरिक संघात मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा होते. प्रश्न काढण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मिष्टान्ने, प्रवास, लाकूड, लॅटिन भाषा आणि उन्हाळ्याची अखेर असे पाच विषय निघाले. संघाचे चिटणीस चिंतेत पडले. "बाई, इथे लॅटिन कोणाला येते?" मी म्हटले, "इथे सगळेच रोज त्या भाषेबरहुकूम गोळ्या गिळतात."

ते खरेही होते. औषधाच्या चिठ्ठीवर सर्वांत वर जो 'आर' असतो आणि त्याच्या पायावर तिरपी रेघ मारलेली असते, ते 'रेसिपे' या लॅटिन क्रियापदाचे आद्याक्षर. अर्थ साधा: 'घे'. पाककृतीला वापरला जाणारा 'रेसिपी' हा शब्दही याच क्रियापदाचा. "म्हणजे काढा आणि पुरणपोळी एकाच घरच्या लेकी!" असे पहिल्या रांगेतील एक आजी म्हणाल्या. 'बी. डी.' म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. 'एच. एस.' म्हणजे निजतेवेळी. 'एस. ओ. एस.' पाहून पुष्कळांना बुडत्या जहाजाची हाक आठवते. पण चिठ्ठीवर ते 'सि ओपुस सित', म्हणजे 'गरज पडली तर', एवढेच असते. 'ओ. डी.' मात्र फसवे आहे. गोळीपुढे लिहिले तर दिवसातून एकदा आणि चष्म्याच्या कागदावर लिहिले तर उजवा डोळा.

मिष्टान्नांच्या फेरीला सभागृह खुलले. 'डेझर्ट' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्याच्या मुळाशी मेजावरची भांडी उचलण्याची क्रिया आहे. जेवण आटोपून पाने उचलली गेली की मग जे येते, ते डेझर्ट. आपल्याकडे पंगतीत गोड पदार्थ पहिल्यापासून पानात असतो आणि वरणभाताच्या जोडीने खाल्ला जातो. तेव्हा जिलबीला डेझर्ट म्हणणे हा शब्दाच्या दृष्टीने तरी अन्यायच आहे. पुढचा प्रश्न होता, 'डायबेटिस मेलिटस' यातील 'मेलिटस' म्हणजे काय? लॅटिनमध्ये 'मेल' म्हणजे मध. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या वैद्याने सतराव्या शतकात रुग्णाच्या मूत्राची गोड चव नोंदवली. आपल्या आयुर्वेदाने त्याच्या कितीतरी आधी या व्याधीला 'मधुमेह' म्हटले होते. दूरदूरच्या दोन परंपरांना एकच उपमा सुचली, कारण रोग एकच होता.

लाकडाच्या फेरीत देवदाराचे शास्त्रीय नाव 'सेड्रस देओदारा' आहे आणि त्यातील दुसरा शब्द आपला संस्कृत 'देवदारु' आहे, हे अनेकांना नवे होते. सागाचे 'ग्रँडिस' म्हणजे मोठा, शिसवीचे 'लॅटिफोलिया' म्हणजे रुंद पानांची, चंदनाचे 'अल्बम' म्हणजे पांढरा. बिबला, ज्याला बाजारात विजयसार म्हणतात, त्याच्या लाकडाचा पेला एका गृहस्थांनी पिशवीतूनच काढून दाखवला. रात्री पाणी भरून ठेवले की ते सकाळी तपकिरी होते आणि उजेडात त्यावर निळसर झाक दिसते. दिसायला सुंदर आहे, आणि पेला स्वच्छ असेल तर माझी हरकत नाही. मात्र त्या पाण्याच्या भरवशावर साखरेची गोळी बंद करू नका, हे मी तेथेही सांगितले आणि येथेही सांगते.

उन्हाळ्याच्या अखेरीचा प्रश्न मला स्वतःला फार आवडला होता. रोमन लोक भर उन्हाळ्यानंतरच्या तापदायक दिवसांचा संबंध एका ताऱ्याशी जोडत. त्याला ते 'कॅनिक्युला', म्हणजे छोटी कुत्री, म्हणत. तो तारा कोणता? उत्तर: व्याध. आपला उन्हाळा ज्या मृगाने संपतो, ७-८ जूनच्या सुमारास सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो, त्या मृगाचा पाठलाग करणारा हाच व्याध. आकाशाचा एकच कोपरा. तिकडे त्याने उकाड्याची आठवण व्हावी आणि इकडे पावसाची.

प्रवासाच्या फेरीत मी विचारले, "भारतातील पहिली प्रवासी आगगाडी..." प्रश्न पुरा होण्याआधीच एका निवृत्त मुख्याध्यापकांचा हात वर गेला. गाव त्यांना 'सर' म्हणूनच ओळखते; वय एक्क्याऐंशी. "१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. अंतर चौतीस किलोमीटर. डबे चौदा. आणि इंजिने तीन: साहिब, सिंध आणि सुलतान." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. पहिले बक्षीस, शिसवी लाकडाची हातकाठी, सरांनाच मिळाले. त्यांच्या सूनबाई शेजारीच बसल्या होत्या. "बाबांची स्मरणशक्ती आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे," असे त्या अभिमानाने म्हणाल्या.

याच सूनबाईंनी दोन महिन्यांपूर्वी मला सांगितले होते, की बाबा अलीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. "वयोमानाने होते तसे," असे म्हणून मी तो विषय संपवला होता. आणि त्या शनिवारी सरांची उत्तरे ऐकून आपण बरोबरच बोललो होतो, असे मला वाटले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता सूनबाईंचा फोन आला. बाबांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. मी पोहोचेपर्यंत त्यांनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले होते. सर शुद्धीवर होते म्हणून ते योग्यच झाले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. मी मोजली तेव्हाही रक्तातील साखर ४६ होती. ७० च्या खाली गेली तरी आपण सावध होतो. ग्लिमेपिराइड जातीच्या गोळीने उतरलेली साखर सावरल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून सरांना रुग्णालयात ठेवावे लागले. निघताना मी गोळ्यांची पट्टी पाहिली. रोज सकाळी एक, अशा पंधरा गोळ्या दहाव्या दिवशीच संपल्या होत्या. घेतलेली गोळी विसरून सर काही सकाळी दुसरी घेत होते.

आठवड्याने ते दवाखान्यात आले, तेव्हा हातात ती काठी होती. मी सहज विचारले, "सर, काठी छान आहे. कोठून घेतली?" त्यांनी मुठीवरून हात फिरवला. "वडिलांची असावी," ते म्हणाले. "पूर्वीचे लाकूडच वेगळे."

मी त्यांना तीन साधे शब्द सांगितले, मग कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, आणि नंतर ते तीन शब्द विचारले. एकही शब्द आला नाही. आगगाडीची तिन्ही इंजिने मात्र त्यांनी न विचारताच पुन्हा सांगितली.

स्मृती ही एकच पेटी नव्हे. शाळेत शिकलेले, वर्षानुवर्षे घोकलेले आणि इतरांना शिकवलेले ज्ञान मेंदूत दूरवर पसरून पक्के बसलेले असते. आज सकाळी काय घडले, याची नोंद करण्याचे काम मेंदूच्या दुसऱ्याच भागावर, हिप्पोकॅम्पसवर, अवलंबून असते. अल्झायमरच्या आजारात बहुधा हा भाग आधी दुखावतो. जुने शाबूत राहते आणि नवे टिकत नाही. म्हणून 'आजोबांना १९६५ चे सगळे आठवते' हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये. आपण काळजी करावी ती दुपारच्या जेवणात काय होते, काल कोण आले होते, गोळी घेतली का, या साध्या उत्तरांची. नाव चटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हे पुष्कळदा वयाचे असते; पण घडलेली गोष्टच पुसली जाणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा हिशेब जमेनासा होणे, यांना वयोमान म्हणू नये. मी म्हटले होते, म्हणून सांगते.

तपासण्या मात्र जरूर कराव्यात, कारण विसरण्याची काही कारणे दुरुस्त होण्यासारखी असतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा मंदावलेला कारभार, दीर्घ उदासीनता, झोपेच्या गोळ्या, आणि ऐकूच न येणे. कानाला नीट ऐकू आले नाही तर आठवणार काय? आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. विसराळूपणा महिनोन्महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी गोंधळला, तर ती तातडीची बाब असते. कडक उन्हाळ्यात हे आम्ही वारंवार पाहतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असते, शरीरातील पाणी व सोडियम उतरते आणि आजी भरदिवसा परक्यासारख्या बोलू लागतात. अशा वेळी तास न दवडता डॉक्टर गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा उतरलेली साखर हीदेखील कारणे असतात.

सरांच्या घरी आता सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आहे. सूनबाई रविवारी ती भरतात आणि मूळ पट्ट्या कुलपात ठेवतात. गोळी हातावर देऊन ती गिळलेली पाहतात, 'घेतली का?' असे विचारत नाहीत, कारण सर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील. साखरेची गोळीही मी बदलली. ८१ व्या वर्षी साखर फार कसून खाली ठेवण्यापेक्षा ती घसरू न देणे महत्त्वाचे. आणि चिठ्ठीवर मी आता लॅटिन लिहीत नाही. 'सकाळी नाश्त्यापूर्वी एक' असे मराठीत लिहिते. त्याला अर्धा मिनिट अधिक लागतो.

प्रश्नमंजूषा बंद करावी का, असे सूनबाईंनी विचारले होते. मुळीच नाही, असे मी म्हटले. फक्त तिची परीक्षा होऊ देऊ नका. 'मी कोण, ओळखा पाहू' असे विचारून माणसाला उघडे पाडू नये. 'बाबा, मी सुमन, चहा आणलाय' असे आपणच सांगावे. जे शाबूत आहे त्याविषयी विचारावे. नातू संध्याकाळी त्यांच्यापुढे लाकडाचे तुकडे ठेवतो आणि सर वासावरून साग, आंबा, देवदार ओळखतात.

यंदाच्या मेअखेर सर पुन्हा आले होते. आगगाडीचा प्रश्न मी मुद्दाम ठेवला. तारीख थोडी अडखळली, साहिब, सिंध, सुलतान मात्र ओळीने आले. शनिवारच्या कप्प्यातील गोळी सकाळीच घेतली गेली होती, हे सूनबाईंनी मला दारातच सांगितले होते.