एका दिवसात कुलाबा ते बॅलार्ड इस्टेट

उजाडायच्या आत ससून डॉक गाठा. १८७५ सालच्या या धक्क्यावर मासळीचा लिलाव तेव्हाच रंगात असतो. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात बघत राहावेत: डोकं मोडलं, साल उतरलं, कोळंबी टोपलीत. पायात भिजल्या तरी चालतील अशा चपला घाला.

पुढे गेटवे (१९२४). घारापुरीच्या लाँच इथूनच सुटतात, पण लेण्यांसाठी वेगळा दिवस ठेवा. सोमवारी ती बंद असतात.

दुपारी बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातल्या भरावावर वसलेल्या या भागाची आखणी गेटवेच्याच वास्तुकाराची, जॉर्ज विटेट यांची. इथल्या ‘ब्रिटानिया’त आंबट-गोड इराणी झरेश्क घातलेला बेरी पुलाव खायलाच हवा. जेवण फक्त दुपारी मिळतं, त्यामुळे वेळेत पोहोचा.