पुस्तकाला कव्हर कशाला?

‘सोप ऑपेरा’ हा शब्द आपल्या कानावर पडला तो टीव्हीमुळे. पण तो मूळचा रेडिओचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी घरातल्या बायकांसाठी रेडिओवर मालिका लागायच्या आणि त्यांच्या प्रायोजक असायच्या साबणाच्या कंपन्या. म्हणून हे नाव. नावातच टोमणा! पुढे १९४१ साली विल्सन टकर या लेखकाने यानं, परग्रह आणि लढाया यांच्या त्याच त्या साहसकथांना हिणवण्यासाठी ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्द काढला. म्हणजे गोष्टी पोरांच्या आवडीच्या, पण त्यांना नावं ठेवायची तीही बायकांच्या मालिकांवरून.

हे सगळं मला कळलं ते आमच्या पुंडलिकनगरातल्या भिशीमुळे. भिशी लवकर आटोपली की आम्ही सहा-सात जणी पुस्तकांवर बोलतो. आमच्यातल्या एका काकूंच्या सुनेने इंग्रजी घेऊन एम.ए. केलंय. तिने एकदा सी. एल. मूर यांची ‘शॅम्ब्लो’ ही कथा आम्हाला मराठीत सांगितली. नॉर्थवेस्ट स्मिथ नावाचा अंतराळातला एक बेडर भटक्या. मंगळावरच्या गल्लीत जमाव एका मुलीच्या मागे लागलेला. हा तिला वाचवतो, खोलीवर आणतो. तिच्या डोक्यावर फडकं बांधलेलं. ते सुटतं तेव्हा केसांच्या जागी वळवळणारे लाल धागे! त्या विळख्यात त्याला सुखही मिळतं आणि जीवही जायला लागतो. शेवटी शुक्रावरचा मित्र येऊन त्याला सोडवतो.

गोष्ट संपली आणि खोलीत अगदी शांतता. मग एक वहिनी म्हणाल्या, “शी! हे काय ऐकायचं?” दुसऱ्या दाराकडे बघत म्हणाल्या, “हळू बोला गं, नातू अभ्यास करतोय.” बँकेतून निवृत्त झालेल्या ताई मात्र विचारत होत्या, “या स्मिथच्या आणखी गोष्टी आहेत का?” आहेत, मालिकाच आहे, म्हटल्यावर ‘शी’ म्हणणाऱ्या वहिनीसुद्धा म्हणाल्या, “मग पुढच्या भिशीला दुसरी सांग.”

खरी गंमत पुढेच. सी. एल. मूर म्हणजे कॅथरीन लुसील मूर. बाई! इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होत्या. मंदीचे दिवस. असल्या कथा लिहितो हे कळलं तर नोकरीवर गदा येईल, म्हणून त्यांनी नावाची नुसती आद्याक्षरं दिली. नोव्हेंबर १९३३ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात कथा आली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे १९३६ मध्ये हेन्री कटनर या तरुण लेखकाने ‘मिस्टर मूर’ यांना कौतुकाचं पत्र धाडलं. ‘मिस्टर’ निघाल्या ‘मिस’, आणि १९४० मध्ये दोघांचं लग्न झालं!

हे ऐकून बँकेतल्या ताई म्हणाल्या, “मी ड्रॉवरमध्ये कादंबरी ठेवायची, पण वरून लेजरचा कागद घालून.” मग एकेकीचं बाहेर पडायला लागलं. कुणी वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, कुणी तांदळाच्या डब्यामागे पुस्तक ठेवायची. एकीच्या सासूबाईंनी लायब्ररीचं पुस्तक परत पाठवलं होतं आणि वर्गणीही बंद केली होती. ते सांगताना, इतक्या वर्षांनीही, तिचा आवाज कापला. एक पुस्तक गेलं याचं दुःख नव्हतं. आपण काय वाचायचं हे आपल्याला न विचारता ठरलं, याचं होतं.

आपल्याकडेही १९३३ सालीच ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे मांडलेलं. केवढी खळबळ उडाली! ही विभावरी शिरूरकर कोण, याचाच शोध लोक घेत बसले. त्या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. अमेरिकेतल्या मूरबाईंनी आद्याक्षरं घेतली, आपल्या मालतीबाईंनी टोपणनाव. भीती सारखीच.

आणि चंद्रकांत काकोडकर? घरोघरी वाचले जाणारे लेखक. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कथा फार उच्च दर्जाची नसेलही, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. कोर्टातला खटला सात वर्षांत मिटला. घरातला मात्र अजून चालूच आहे.

सगळंच चावट लेखन चांगलं असतं, असं माझं म्हणणं नाही. आमच्या भिशीतही स्मिथच्या गोष्टीवर वाद झाला. “बाई दाखवायची ती जीव घेणारीच का?” असं एकीने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण तो विचारता आला, कारण तिने गोष्ट पूर्ण ऐकली होती. न वाचता ‘शी’ म्हणणं सोपं असतं. वाचून ‘हे आवडलं, हे खटकलं’ म्हणायला आपलं मत लागतं, आणि ते चारचौघांत सांगायला थोडं धाडस लागतं.

मागच्या महिन्यापासून आम्ही एक वही केली आहे. पुस्तक वाचलं की चार ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. पहिल्या पानावर तिघींनी लिहिलं, पण नाव घातलं एकीनेच. वर्गणी बंद झालेल्या त्या मैत्रिणीने! पूर्ण नाव, ठसठशीत अक्षरात. आता बाकीच्या दोघी म्हणतात, “पेन दे गं इकडे.”